स्ट्रटची नळी कापावी का, आणि कापायची तर किती?

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या काकांनी नैरोबीहून परत येताना सोबत आणलेली १९७२ सालची डॅटसन २४०झेड आता माझ्याकडे आहे. इंजिन आणि पत्राकाम पूर्ण झाले असून आता सस्पेन्शन हाती घेतले आहे. गाडी ६० मिमी खाली आणावी असे मनात आहे आणि त्यासाठी कॉइलओव्हरचा (शॉकअपच्या नळीभोवती बसणाऱ्या, उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंगचा) संच मागवला आहे. त्यात आटे पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची बाही, उंची बदलण्याची रिंग, २०० मिमी लांबीच्या स्प्रिंगा आणि मूळ कार्ट्रिजपेक्षा (स्ट्रटच्या नळीत बसणाऱ्या सीलबंद शॉकअपपेक्षा) ४५ मिमी आखूड अशी नवी कार्ट्रिजे आहेत. स्प्रिंगवर प्रति इंच २०० पौंड असे लिहिलेले आहे. ती पूर्ण दाबली असता ८० मिमी उरते. विक्रेता म्हणतो की स्ट्रटची नळी ४५ मिमी कापावीच लागेल. आमचे मिस्त्री म्हणतात की कापण्याची गरज नाही, खाली ठोकळा टाकून बसवू. नेमके कोणाचे ऐकावे? सध्या गाडी चाकांवर उभी असताना पुढच्या स्ट्रटचा दांडा नळीच्या वरच्या नटापासून टोपीपर्यंत (दांडा वर ज्या भागात बसतो तिथपर्यंत) १३५ मिमी उघडा दिसतो. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपण उघड्या दांड्याचे माप घेऊन पाठवले, ही फार मोलाची गोष्ट केली. नळी किती कापायची याचे उत्तर त्याच मापातून निघते, विक्रेत्याच्या पत्रकातून नव्हे. मात्र हे माप मागच्या स्ट्रटांचेही स्वतंत्रपणे घ्यावे, कारण या गाडीत पुढची आणि मागची नळी सारखी नसते.

आधी एक गैरसमज दूर करतो. नळी कापल्याने गाडी खाली येत नाही. गाडीची उंची स्प्रिंगची बैठक कुठे आहे आणि स्प्रिंग किती दबते, यावर ठरते. ती आपण रिंग फिरवून नळीला हातही न लावता खाली आणू शकता. नळी कापण्याने बदलते ते एवढेच की, ठरलेल्या उंचीवर गाडी उभी असताना शॉकअपचा दांडा आपल्या पल्ल्यात कुठे उभा असेल. म्हणजे उंची आधी, दांड्याचा हिशोब नंतर आणि करवत सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो.

आता आपलीच मापे घेऊन हिशोब मांडू. मॅकफर्सन पद्धतीत, म्हणजे शॉकअपची नळीच चाक उभे धरते अशा रचनेत, स्ट्रट चाकाच्या अगदी जवळ असल्यामुळे चाक जेवढे वर जाते जवळजवळ तेवढाच स्ट्रट आखडतो, त्यामुळे हिशोब सोपा राहतो. आज दांडा १३५ मिमी उघडा आहे. त्यावर बसलेले बंप रबर (चाक फार वर आले की त्याला अडवणारे रबर) साधारण ६० मिमी लांबीचे आहे असे धरू. म्हणजे चाक ७५ मिमी वर गेल्यावर रबर टेकते. गाडी ६० मिमी खाली आणली की दांडा ७५ मिमीच उघडा राहील आणि चाक १५ मिमी वर जाताच रबर टेकेल. अशी गाडी स्प्रिंगवर नव्हे, रबरावर चालते. विश्रामबागेतून मिरजेपर्यंत जाऊन याल तेवढ्यात आपली पाठ हे सांगेल आणि काही महिन्यांत कार्ट्रिजचे सील सांगेल.

मिस्त्रींचा ठोकळ्याचा तोडगा इथे उपयोगी पडत नाही. आखूड कार्ट्रिजखाली ४५ मिमीचा ठोकळा टाकला की तिचे डोके पुन्हा जुन्याच जागी, नळीच्या तोंडाशी येते आणि उघडा दांडा ७५ मिमीच राहतो. कार्ट्रिज आखूड असल्याचा फायदा मिळायचा असेल तर नळीचे तोंडच खाली यावे लागते. त्या अर्थाने विक्रेता बरोबर आहे. पण त्याचा ४५ हा आकडा मात्र मला मान्य नाही.

४५ मिमी कापले तर उघडा दांडा १२० मिमी होईल आणि रबर टेकेपर्यंत ६० मिमी मिळतील. ऐकायला छान वाटते, पण आखूड कार्ट्रिजचा एकूण पल्लाही बहुधा कमी असतो. तो १५० मिमी आहे आणि पूर्ण दबल्यावर १५ मिमी दांडा बाहेर उरतो असे धरले, तर पूर्ण ताणलेल्या अवस्थेत दांडा १६५ मिमी उघडा असेल. म्हणजे चाकाला खड्ड्यात उतरायला १६५ वजा १२०, अवघे ४५ मिमी उरतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर चाक वर जाण्याइतकेच खाली उतरणेही महत्त्वाचे असते. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, डांबराखालचा भराव हलतो, आणि उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्यावर चाकोऱ्या पाडतात. अशा रस्त्यावर ज्या चाकाला खाली उतरता येत नाही ते हवेत लोंबकळते आणि लोंबकळणाऱ्या चाकाला ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग.

त्याऐवजी ३० मिमी कापा, कार्ट्रिजखाली १५ मिमीचा ठोकळा द्या आणि ६० मिमीच्या जागी ४० मिमीचे, दबताना हळूहळू कडक होणारे बंप रबर बसवा. उघडा दांडा १०५ मिमी होतो, रबर टेकेपर्यंत ६५ मिमी मिळतात आणि खाली उतरायला ६० मिमी राहतात. ४५ मिमी कापण्यापेक्षा ही वाटणी सरस आहे. कार्ट्रिजचा पल्ला मी गृहीत धरलेला आहे. आपण हाताने दांडा पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून खरे आकडे घ्यावेत आणि हाच हिशोब पुन्हा मांडावा.

पण थांबा. गाडी ६० ऐवजी ३० मिमीच खाली आणली आणि नळी मुळीच कापली नाही, तर उघडा दांडा किती? तोच १०५ मिमी. त्याच ४० मिमीच्या रबराने वर जायला तेच ६५ मिमी मिळतात. शिवाय मूळ लांबीच्या कार्ट्रिजचा पल्ला मोठा असल्याने खाली उतरायला अधिक जागा राहते. गाडी ६० मिमी खाली आणून ३० कापणे आणि ३० मिमी खाली आणून काहीच न कापणे, यांत उघड्या दांड्याच्या मापात काहीही फरक नाही. फरक आहे तो वेल्डिंगच्या एका सांध्याचा आणि गाडीच्या पोटाखालच्या ३० मिमी जागेचा. आपल्या जागी मी असतो तर दुसरा मार्ग घेतला असता, हे स्पष्टच सांगतो.

पोटाखालच्या जागेविषयी थोडे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा लागतो. २४०झेडच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर साधारण २.३ मीटर आहे. असा गतिरोधक बरोबर मधोमध आला तरी पुढची-मागची चाकेही त्याच्याच उतारावर असतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखालची जेमतेम ४ सेमी जागा खर्च होते. असा गतिरोधक ६० मिमी खाली आणलेली गाडीही सहज ओलांडेल. अडचण आहे ती गावागावांत रातोरात उभ्या राहणाऱ्या, दीड फूट रुंदीच्या आणि वीतभर उंचीच्या बांधांची. तिथे चाके सपाट जमिनीवर असतात आणि बांधाची संपूर्ण उंची पोटाला लागते. आपली गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार हे आपणच जाणता.

काकांच्या आठवणीसाठी म्हणून एक सांगतो : या गाडीने पूर्व आफ्रिकन सफारी रॅली १९७१ आणि १९७३ साली जिंकली आणि १९७३ चा विजेता चालक भारतीय वंशाचा शेखर मेहता होता. त्या गाड्या जमिनीपासून चांगल्या उंच ठेवलेल्या होत्या. चिखल आणि खड्ड्यांत वेग टिकवायचा तर चाकाला हलायला जागा लागते, हे त्या संघाला पक्के ठाऊक होते.

आता आपण न विचारलेली, पण आपल्या पत्रातून दिसलेली गोष्ट. आपली स्प्रिंग या कामाला आखूड आहे. प्रति इंच २०० पौंड म्हणजे साधारण ३.६ किलो प्रति मिमी. चाक, हब वगैरे वगळून एका कोपऱ्यावर २४० किलो भार येतो असे धरले, तर नुसत्या वजनाने स्प्रिंग ६७ मिमी दबेल. त्यापुढे रबर टेकेपर्यंत ६५ मिमी आणि रबर चेपले जाईपर्यंत आणखी सुमारे २२ मिमी, असे एकूण १५४ मिमी होतात. आपल्या स्प्रिंगमध्ये २०० वजा ८०, म्हणजे १२० मिमीच दबण्याची सोय आहे. रबर टेकण्याआधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसतील आणि तो लोखंडी ठोका सरळ स्ट्रट टॉवरच्या, म्हणजे स्ट्रटचे वरचे टोक बसते त्या भागाच्या, पन्नास वर्षे जुन्या पत्र्यावर जाईल. संच विकणाऱ्याने नळी कापायला सांगितली, पण हे सांगितले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

रस्त्यावरच्या वापरासाठी प्रति इंच १५० पौंडांची, म्हणजे साधारण २.७ किलो प्रति मिमीची आणि ३०० मिमीच्या आसपास लांबीची स्प्रिंग मी सुचवेन. ती वजनाने ९० मिमी दबते. शॉकअप पूर्ण ताणला गेला तरी तोवर ती ढिली पडत नाही, कारण मूळ लांबीची कार्ट्रिज ठेवली तरी खाली उतरण्याची जागा साधारण तेवढीच असते. कडक स्प्रिंग मात्र ६७ मिमी सुटली की मोकळी होते. त्यानंतर चाक आणखी खाली गेले तर ती बैठकीवरून हलते, आवाज करते आणि परत बसताना तिरकी बसू शकते. तशी स्प्रिंग वापरायचीच असेल तर तिच्यावर अगदी मऊ, चपटी अशी मदतनीस स्प्रिंग लागते. ३०० मिमीची स्प्रिंग घेतल्यास खालची रिंग बरीच खाली येईल. ती आणि टायर यांच्यात बोटभर तरी अंतर राहते की नाही, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

नळी कापण्याच्या निर्णयावर आपण ठाम असाल, तर आधी एक चाचणी अवश्य करा. गाडी स्टँडवर भक्कम ठेवून स्ट्रट स्प्रिंगशिवाय जोडा आणि चाक बसवून जॅकने हळूहळू वर उचला. टायर मडगार्डला, आतल्या पत्र्याला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला जिथे प्रथम टेकेल, तिथे स्ट्रटची लांबी मोजून ठेवा. ही तपासणी चाक सरळ ठेवून आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून करा. स्ट्रट त्या मापाहून आखूड होता कामा नये, त्याआधीच रबराने चाक अडवले पाहिजे. नळी कापली की चाकाला वर जायला अधिक वाट मिळते आणि कधीकधी ती वाट थेट मडगार्डपर्यंत जाते. मागच्या बाजूला याच चाचणीत डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारे शाफ्टही पाहावेत. पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा दोन्ही टोकांना ते हाताने मोकळे फिरले पाहिजेत, सांध्यात अडकता कामा नयेत.

गाडी खाली आणल्याने खालच्या आर्मचा जो कोन बिघडतो, तो नळी कापून सुधारत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर गेले की वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो, आणि कडक स्प्रिंगा घालूनही गाडी पूर्वीइतकीच, कधी पूर्वीपेक्षा जास्त कलते. टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलत असल्यामुळे खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग आपोआप किंचित वळते. २४०झेडमध्ये पुढचा स्टिअरिंग आर्म स्ट्रटच्या तळाला बोल्टने बसवलेला असतो. त्या दोहोंमध्ये मशीन केलेला ठोकळा आणि तेवढेच लांब, चांगल्या दर्जाचे बोल्ट घालून हा कोन बराचसा पूर्ववत करता येतो. मात्र मूळ १४ इंची रिम असेल तर बॉल जॉइंट आणि रिम यांच्यातले अंतर तपासावे. ३० मिमीच खाली आणणार असाल तर कदाचित याचीही गरज पडणार नाही.

शेवटी कागदपत्रांविषयी. आपली गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेतील वेगळा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. त्याचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेले वाहन त्यात बसत नाही. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरातही आणता येत नाही, हेही विचारात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यासही मनाई आहे. म्हणून माझी सूचना अशी की, कापायचेच असेल तर मूळ चार स्ट्रटना हात लावू नका. जुने, वापरलेले स्ट्रट मिळवून ते कापा आणि मूळचे तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. टॉवर किंवा चेसिस तर कोणत्याही कारणाने कापू नका. मागचे स्ट्रट उतरवताना खालच्या आर्ममधून जाणारी लांब पिन गंजून घट्ट बसलेली असते. ती घणाने ठोकू नका, टोक फुलले तर ती मुळीच निघणार नाही. आर्मसकट स्ट्रट काढून हायड्रॉलिक प्रेसवर न्या.

प्रश्न : माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. एका जुन्या गाडीच्या स्ट्रटची नळी ३५ मिमी कापून पुन्हा जोडून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वेल्डिंग सीओटूने (मिग) मारू की आर्गनने (टिग)? आणि नळी वाकडी होऊ नये म्हणून काय करावे? (कुपवाड)

उत्तर : हे काम घेण्याआधी विचारलेत, हे बरे केलेत. मॅकफर्सन स्ट्रट हा नुसता शॉकअप नाही. चाक उभे धरून ठेवणारा खांबही तोच आहे. ब्रेक मारताना आणि वळण घेताना नळीला वाकवणारा जोर सांध्यावर येतो. सांधा सुटला तर चाक आडवे होते. ग्रिलच्या दाराचा आणि या सांध्याचा दर्जा एक असून चालणार नाही.

हात सरावलेला असेल तर आर्गन घ्यावे, कारण उष्णता आणि आत उतरणारा धातू दोन्ही ताब्यात राहतात. सीओटूने काम होत नाही असे नाही, पण वरून देखणा दिसणारा आणि आतून न मुरलेला सांधा त्यात सहज तयार होतो. नळीच्याच तुकड्यावर, म्हणजे कापून काढलेल्या त्या ३५ मिमीच्या कड्यावर, आधी नमुना मारा. तो उभा चिरून आतपर्यंत धातू उतरला का ते पाहा आणि मगच मूळ कामाला हात घाला.

स्ट्रट गाडीवरून काढून पूर्ण मोकळा करावा : कार्ट्रिज, बेअरिंग, ग्रीस, ब्रेकचे भाग, सगळे बाहेर. वायूच्या दाबाची कार्ट्रिज आत ठेवून नळीला उष्णता देणे म्हणजे बाँब तापवण्यासारखे आहे. अर्थिंगचा चिमटा नळीलाच, सांध्याजवळ लावावा. नळीत पन्नास वर्षांचे तेल मुरलेले असते. ते रॉकेलने आणि नंतर अ‍ॅसिटोनने धुऊन पूर्ण वाळवावे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र इथे अजिबात वापरू नका. त्याचा अंश राहिला आणि त्यावर आर्क पडला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. तो फुप्फुसांवर काही तासांनी परिणाम दाखवतो, त्यामुळे माणूस तोवर गाफील राहतो.

वरचे आटे आणि खालचा ओतीव भाग यांपासून दूर, स्प्रिंगच्या जुन्या बैठकीच्या आसपास कापायचे असते. ती बैठक तशीही ग्राइंडरने काढायचीच आहे. ग्राइंडरच्या चकतीने नळी मात्र कापू नये, कारण काप तिरका जातो. लेथवर किंवा पाइप कटरने गुण्यात कापावे. कापण्याआधी नळीवर खालपासून वरपर्यंत एक सरळ रेघ कोरून ठेवावी म्हणजे जोडताना वरचा भाग फिरत नाही. नवी बाही ज्या कड्यावर टेकणार आहे, त्या कड्याच्या खाली सांधा आणता आला तर उत्तम. बाहीच्या आत सांधा आला की तिला सरकता यावे म्हणून वेल्डिंगचा उंचवटा घासून सपाट करावा लागतो, सांध्याची ताकद घटते आणि पुढे तडा गेला तरी डोळ्यांना दिसत नाही.

सरळपणासाठी आतल्या व्यासात हलकेच सरकेल असा तांब्याचा भरीव गज टर्नरकडून करून घ्या. तांब्याला वेल्डिंग चिकटत नाही, तो उष्णता ओढून घेतो आणि दोन्ही तुकड्यांना एका रेषेत धरतो. बाहेरून जाड अँगलच्या खाचेत नळी आवळून ठेवावी. कडांना उतार देऊन समोरासमोर चार टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारावेत, मग पाव-पाव घेर आलटून पालटून भरावा. एकाच दमात गोल फिरलात तर नळी त्या बाजूला ओढली जाणारच. ४०० मिमी लांबीत साडेतीन मिमीचा बाक म्हणजे अर्धा अंश, आणि एवढा फरक डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर झुकण्यात) टायरवर स्पष्ट दिसतो. पाणी ओतून थंड करू नये.

गार झाल्यावर कार्ट्रिज स्वतःच्या वजनाने तळापर्यंत सरकली पाहिजे. अडकली तर आत उतरलेले थेंब घासून काढा, पण कार्ट्रिज हातोडीने आत घालू नका. वरचा नट नळीच्या तोंडावर टेकण्याआधी कार्ट्रिजवर घट्ट बसला पाहिजे. नट आणि नळी यांत एक-दोन मिमीची फट दिसणे हेच योग्य. फट दिसत नसेल तर आत कार्ट्रिज हलत असण्याची शक्यता आहे आणि ती पुढे टकटक आवाज करेल. कार्ट्रिजभोवती थोडे इंजिन ऑइल ओतावे म्हणजे तिची उष्णता नळीला मिळते. फक्त ते काठोकाठ भरू नये, तापल्यावर पसरायला जागा हवी. सांध्याची डाय-पेनिट्रंट तपासणी (रंग मुरवून बारीक तडे शोधण्याची) करून घ्यावी. फाउंड्रीच्या या पट्ट्यात ती करून देणारा माणूस आपल्याला सहज भेटेल आणि गाडीमालकाकडून त्याचे पैसे मागायला संकोच करू नका.

प्रश्न : माझ्याकडे १९६७ सालची ट्रायम्फ स्पिटफायर आहे. तिलाही कॉइलओव्हर बसवायचे आहेत. तिच्या स्ट्रटची नळी किती कापावी लागेल? (सातारा)

उत्तर : काहीच नाही, कारण आपल्या गाडीत तसा स्ट्रटच नाही. पुढे दोन विशबोन (चाकाला वर आणि खाली धरणारे दुबेळके आर्म) आहेत आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगच्या पोटात शॉकअप आहे. रचना म्हणून हे कॉइलओव्हरच आहे, फक्त उंची बदलणारी रिंग नाही. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डमध्येही हीच पद्धत होती. गाडी खाली आणायची तर तेवढा आखूड, संपूर्ण शॉकअपच बदलायचा. इथे शॉकअप चाकापासून बराच आत, खालच्या विशबोनवर बसतो, त्यामुळे चाक जेवढे हलते त्याहून तो कमी हलतो. वरच्या उत्तरातला एकास एक हिशोब आपण जसाच्या तसा वापरू नये. मागे आडवा पाटा आणि झुलता एक्सल आहे. ते टोक खाली आणले की चाकांचे माथे आत झुकतात. थोडे झुकणे या एक्सलला मानवते, फार झाले तर टायरची आतली कड झिजते.

प्रश्न : कॉइलओव्हरची रिंग वर चढवली की स्प्रिंग कडक होते, असे आमचे गॅरेजवाले म्हणतात. मी दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जातो. घाटासाठी रिंग चढवावी का? (सातारा)

उत्तर : रिंग १० मिमी चढवली की गाडी साधारण १० मिमी वर येते, एवढेच होते. स्प्रिंगवरचे वजन तेच, म्हणून तिचे दबणे तेच आणि कडकपणाही तोच. शॉकअप पूर्ण ताणलेला असतानाच स्प्रिंग गाडीच्या वजनापेक्षा जास्त आवळली गेली असेल, तरच गाडी जागची हलत नाही आणि दणके बसतात. गॅरेजवाल्यांनी बहुधा तसे काही पाहिले असावे. रिंग चढवल्याने दांडा अधिक उघडा राहतो, म्हणजे चाकाला वर जायला जागा वाढते आणि खाली उतरायला कमी होते. घाटासाठी म्हणून ती दर रविवारी फिरवू नका. बदल करायचाच झाला तर डावी-उजवी रिंग सारख्याच फेऱ्यांनी फिरवावी, नाहीतर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर वजन तिरपे वाटले जाऊन ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल. उंची बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे लागते. पावसाळ्यानंतर आट्यांत बसलेला चिखल ब्रशने साफ करून मगच पाना लावा, अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा खाल्ले गेले की बाही बदलण्यावाचून इलाज राहत नाही.